निनावी

फॉर्मवर वरच छापलंय, ठळक अक्षरांत:
कृपया नाव लिहू नये.
बरं. पण आमचं बेट केवढं, तर सकाळी कुणी शिंकलं
की दुपारच्या फेरीबोटीनं पलीकडच्या बेटावरून विचारपूस येते.
शेटलंडात निनावी राहणं म्हणजे
मेंढीनं माळावर लपणं.
आडोशाला झाडसुद्धा नाही.

मी ऑस्ला. लरविकच्या इस्पितळात, तळघरात,
बॉयलरच्या भिंतीला लागून माझं टेबल.
पेटीतून फॉर्म काढायचे, आकडे संगणकात भरायचे.
एक ते पाच. पाच म्हणजे उत्तम.
आमची माणसं पाचच देतात.
खुबा नवा बसवला, पाच.
दुपारभर कुणी पाणी विचारलं नाही, तरी पाच.
ज्याच्या घरी निजलो त्याच्या गादीला नावं ठेवू नयेत,
असं आमच्या आया शिकवून गेल्या.

म्हणून मी आधी समास बघते.

प्रश्न नऊ: रात्री वॉर्डात शांतता होती का?
खूण पाचावर. आणि कडेला पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
'कचऱ्याच्या डब्याचं झाकण. तीन वाजता. रोज.'
हा रास्मी हॅलक्रो. अक्षराला गळासारखं शेपूट
दुसरं कोण काढतं?
चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी घोरलेला माणूस,
आणि झाकणानं जागा.

प्रश्न चौदा: घरी सोडताना औषधं समजावून सांगितली का?
'सांगितली. मला नीट ऐकू येत नाही.
मी मान डोलावली.'
हिरवी शाई. मिस इझबिस्टर.
मला लिहायला यांनीच शिकवलं.
वर्गात नुसती मान डोलावणाऱ्याला त्या हटकून उभं करत:
काय समजलं, सांग बघू.

मंगळवारी बैठक.
पडद्यावर सगळे खांब सारख्या उंचीचे,
फोटोसाठी उभ्या केलेल्या मुलांसारखे.
'चार पूर्णांक सात,' प्रिंगलसाहेब म्हणाले, 'अभिनंदन.'
समासाला रकाना नसतो, म्हणून मी तो
कागदावर उतरवून नेला होता. वाचला.
झाकण. मान. आणि एक, कुणाचं ते सांगत नाही:
'चहा गार होता, पण देणारी मुलगी रडून आली होती.
तिला कुणीतरी विचारा.'
प्रिंगलसाहेबांनी चष्मा काढून पुसला.
सिस्टर विल्मा म्हणाली, झाकणाला रबर लावू,
दोन पौंडांचं काम.
ते त्याच रात्री झालं.
'काय समजलं, सांगा बघू' एवढं वाक्य
घरी सोडण्याच्या कागदावर चढायला मात्र
चार महिने लागले, आणि तीन सह्या.
त्या मुलीला कुणी विचारलं की नाही, मला माहीत नाही.

एक फॉर्म मी तीन दिवस खणात ठेवला होता.
'चौकशीच्या खिडकीतली बाई मान वर करत नाही.
माझा नवरा वर शेवटचे श्वास मोजत होता.
मी फक्त जिना विचारला.'
तारीख फेब्रुवारीची.
फेब्रुवारीत ती खिडकी माझ्याकडे होती.

अक्षर ओळखीचं नाही.
पहिल्यांदाच.
उलटं करून पाहिलं, दिव्याखाली धरून पाहिलं.
आता दुकानाच्या रांगेत, फेरीबोटीत,
लोकरीचा गुंडा निवडणारी जी ती बाई
तीच वाटते.
मी मान वर करून बघते. त्याही बघतात,
आणि हवापाण्याचं बोलतात.

चौथ्या दिवशी भरला. प्रश्न दोन: एक.
यंत्रानं विचारलं, नक्की?
नक्की.
मग कार्डबोर्ड कापून, मार्करनं बाण काढून
वर जिन्याशी चिकटवून आले.
खाली आल्यावर लक्षात आलं, तिरका लागलाय.
पुढच्या तिमाहीत कुणीतरी लिहील,
बाण वाकडा आहे.
लिहू दे.